पाट्याची शिंगं

माझा ट्रेड वेल्डर, शिक्षण आयटीआय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात 22 वर्षं गेट, ग्रिल, ट्रॉल्या असली कामं करत आलोय. शिल्पकलेच्या वर्गात कधी बसलो नाही. आता लोक शिल्पांची कामं घेऊन शोधत येतात, पण पहिलं मोठं काम तडीला न्यायला मला चौदा महिने लागले. ते काम म्हणजे म्हैस.

आमच्या घरी दोन म्हशी होत्या. आबा त्या गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायचे. गुडघे गेल्यावर त्यांनी म्हशी विकल्या. दावणीची जागा मोकळी झाली, तिथं मी माझं वेल्डिंग मशीन मांडलं. त्या जागेत उभं राहून दुसरं काही करायचं मनातच येईना.

आमच्या म्हशी पंढरपुरी. या जातीची शिंगं मुऱ्हा जातीच्या म्हशीसारखी गोल वळलेली नसतात. ती लांब, चपटी, तलवारीसारखी पाठीमागं खांद्यापर्यंत जातात. भंगारवाल्याच्या ढिगात ट्रकचे जुने पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या बाकदार पोलादी पट्ट्या, पडलेले दिसले आणि मी जागीच थांबलो. तीच रुंदी, तोच बाक! किलोच्या भावानं सहा पाटे उचलले.

वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं म्हशीची बाजू पूर्ण मापात काढली, खांद्याशी सव्वाचार फूट. त्यावर 10 मिलिमीटरच्या सळईचा सांगाडा वाकवून बसवला. अंगासाठी 3 मिलिमीटरचा पत्रा पट्ट्या कापून घेतला. बाभळीच्या ओंडक्यात खळगा करून त्यावर प्रत्येक पट्टी ठोकत गेलो, तेव्हा कुठं बरगड्यांचा फुगार जमला. वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढतं, हे गेट करताना माहीत होतं. पण गेट सपाट असतं. इथं एका बाजूनं सलग वेल्डिंगचा रॉड चालवला आणि मान दोन बोटं डावीकडं गेली. सगळं कापून पुन्हा केलं. इंचभर या बाजूला, इंचभर त्या बाजूला, मध्ये थांबायचं, हाच उपाय. मधल्या काळात एकदा जस्ताचा मुलामा असलेला पाईप तसाच जोडला आणि रात्री थंडी वाजून ताप भरला. तो जस्ताचा धूर. मुलामा घासून काढल्याशिवाय असल्या जीआय पाईपला रॉड लावू नका, आणि उघड्यावर काम करा.

शिंगं बसली त्या दिवशी मी पोरांना बोलावून दाखवली. रात्री अकराच्या सुमारास टण् असा आवाज आला. जाऊन बघतो तर डावं शिंग मुळापासून तुटून फरशीवर. वेल्डिंग धड होतं, चीर त्याच्या कडेनं पाट्यात गेलेली. दुसऱ्यांदा लावलं, जाड लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेजारच्या फाउंड्रीत एक म्हातारे मेस्त्री होते. त्यांनी तुटलेली कड अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "लेका, पाट्याला थंडी लागली. गार पाट्यावर टाका घातलास व्हय?"

त्या एका वाक्यात सगळं होतं. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त. साध्या लोखंडासारखं त्याला गार असताना जोडलं, की टाक्याच्या, म्हणजे वेल्डिंगच्या, कडेचा भाग झटकन निवतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. मेस्त्रींनी सांगितलं तसं केलं. ठरावीक तापमानाला वितळणारा खडू आणला, गॅसच्या ज्योतीनं पाटा 300 अंशांपर्यंत तापवला, साध्या रॉडऐवजी भट्टीत सुकवलेले 7018 नंबरचे रॉड वापरले, आणि जोड झाल्याबरोबर शिंग कोरड्या राखेच्या पेटीत पुरून ठेवलं. सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी राख झटकली, हातोडीनं वाजवून पाहिलं. आवाज स्वच्छ. आज आठ वर्षं झाली, शिंगं जागची हलली नाहीत.

याच काळात मला पिलू पोचखानवाला यांच्याबद्दल कळलं. मुंबईच्या या बाईंचं शिक्षण वाणिज्य शाखेचं, 1951 मध्ये युरोप पाहून आल्या आणि स्वतःच्या बळावर शिल्पं करू लागल्या, पुढं भंगारातूनसुद्धा. स्पेनचे शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ तर गॅस वेल्डिंग रेनोच्या मोटार कारखान्यात शिकले, आणि नंतर पिकासोनं त्यांच्याकडून लोखंडी कामात मदत घेतली. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. कारखान्यातून शिल्पाकडं जाणारी वाट आधीच कुणीतरी पाडून ठेवली होती.

विक्रीचा अनुभव मात्र कडू. एका हॉटेलमालकांना म्हैस फार आवडली. चहा झाला आणि त्यांनी विचारलं, "किलोला काय दर लावणार?" वजन 280 किलो. मी गप्प झालो, कारण गेटचा दर मीही आयुष्यभर किलोनंच सांगत आलो होतो. त्या दिवशी व्यवहार मोडला. घरी येऊन वहीत मांडलं: लोखंड, रॉड, डिस्क, गॅस, दिवस, आणि मोडून पुन्हा केलेले दिवससुद्धा. त्यानंतर मी किलोचा दर कधीच सांगितला नाही. कोटेशनमध्ये वजन लिहितो ते फक्त क्रेनवाल्यासाठी.

रंगाआधी पोटाखाली 12 मिलिमीटरची चार भोकं पाडली. पोकळ अंगात पाणी साचलं तर लोखंड आतून खातं, बाहेरून कळतही नाही. मग प्रायमर आणि वर बिनचमकीचा काळा.

आबांना शेवटी आणलं. खुर्ची दिली तर बसले नाहीत. काठी शिंगाला टेकून ठेवली, पाठीवरून हात फिरवत शेपटीपर्यंत गेले, मग कष्टानं वाकले आणि कासेखाली हात घातला. बराच वेळ हात तिथंच.

"चारी सडं सारखीच केलीस की रं," ते म्हणाले. "म्हशीची मागची सडं पुढच्यापेक्षा लांब असत्यात."

मी ग्राइंडरची वायर जोडली.