सुतार नव्हे, तांबट

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी पोळ्या लाटताना बाहेरून टुक, टुक, टुक असा आवाज यायला लागला. एका लयीत, न थकता. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं, म्हणून मी रोज सुताराच्या नावानं बोटं मोडत होते. रविवारीही आवाज थांबेना, तेव्हा जाब विचारायला निघालेच. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अगं, सुतार कुठला? तांबट बोलतोय तो."

आईंचं माहेर पुण्यातल्या कसब्यातलं, तांबट आळीच्या जवळ. तांब्याच्या पत्र्यावर दिवसभर हातोडी पडायची. ठोकून ठोकून पत्रा कडक व्हायचा आणि अंगावर बारीक बारीक खळ्यांची नक्षी उमटायची, ते मठारकाम. "आमच्याकडे दुपारची झोप त्या ठोक्यांवरच लागायची. ठोके थांबले की जाग यायची," आई म्हणाल्या. या पक्ष्याचं नाव त्यांना शिकावं लागलं नव्हतं.

मला मात्र तो दिसायला तीन दिवस लागले. आवाज समोरच्या उंबरातून यायचा, पण नक्की कुठून ते कळेना. कारण नंतर समजलं: बोलताना तांबट चोच मिटलेलीच ठेवतो, गळा फुगवतो आणि डोकं इकडून तिकडे फिरवतो. त्यामुळे आवाज कधी या फांदीवरून, कधी त्या. शेवटी दिसला तेव्हा जरा हसूच आलं. एवढा दंगा करणारा प्राणी चिमणीपेक्षा जेमतेम मोठा! अंग हिरवं, कपाळ लालभडक, गळा पिवळा. हळदीकुंकवाला निघाल्यासारखा.

निसर्ग म्हणजे ताम्हिणी, अशी आमच्या घरची समजूत होती. पावसाळ्यात एक रविवार काढायचा, चांदणी चौकात तासभर गाडी तापवायची, धबधब्याखाली दहा मिनिटं उभं राहायचं आणि कांदाभजी खाऊन परत. आणि हा उंबर माझ्या गॅलरीपासून पंधरा फुटांवर, अकरा वर्षं. त्याच्याशी माझा संबंध एवढाच, की पिकलेली फळं गाडीच्या टपावर पडतात म्हणून सोसायटीत मी दोनदा तक्रार केली होती.

ती फळं खायलाच तर तांबट येत होता. वड, पिंपळ, उंबर ही त्याची खानावळ. आपण एखाद्याला 'उंबराचं फूल झालास' म्हणतो, पण उंबराला फुलं असतात, ढिगानं असतात; फळासारखं जे दिसतं त्याच्या आत. इवल्याशा माश्या बारीक भोकातून आत शिरतात आणि परागीकरण तिथेच उरकतं. हे वाचलं त्या दिवशी मी एक फळ कापून पाहिलं आणि मुलाला हाक मारली. तो मोबाइल घेऊन आला, फोटो काढला आणि 'ईऽऽ' म्हणून गेला. पण गेला तो थेट गॅलरीत.

उत्साहाच्या भरात मी तांबटासाठी गॅलरीत ज्वारी ठेवली. फळं खाणाऱ्याला ज्वारी! तांबट फिरकला नाही. सगळ्या कोथरूडच्या कबुतरांनी मात्र आमच्याकडे सप्ताह मांडला. गॅलरी धुता धुता माझी कंबर गेली. आता फक्त पाण्याचं पसरट भांडं ठेवते आणि रोज घासते. टेकडीवर जाताना कानात काही घालत नाही. तिथे बरंचसं गिरिपुष्पच आहे, बाहेरून आणून लावलेलं, पण त्यातूनही काय काय ऐकू येतं.

मार्चमध्ये कुंपणाशी असलेल्या शेवग्याच्या वाळक्या फांदीला, खालच्या अंगाला, गोल भोक दिसलं. तांबट मऊ झालेलं लाकूड स्वतः कोरतो. नेमकी तीच फांदी सोसायटीनं 'धोकादायक' ठरवली होती. मी सेक्रेटरी काकांकडे गेले. फांदी तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते, 1975 पासून कायदाच आहे, वगैरे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, अकरा वर्षांत तुम्ही झाडासाठी भांडायला पहिल्यांदाच आलात." खरं होतं. फांदीखाली गाडी लावायची नाही, पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा बघू, असं ठरलं. गाडी माझीच होती.

मेअखेरीस काकांचा पहाटे फोन. "वहिनी, तुमचा तांबट सूर बदलून ओरडतोय. साडेचार वाजलेत."

मी गॅलरीत जाऊन ऐकलं. "अहो काका, हा पावशा. 'पेरते व्हा' म्हणतोय."

"पेरू की. पण तुमच्या गाडीनं जागा ठेवलीये कुठे?" म्हणाले आणि फोन ठेवला.