आमची वाटचाल : हरळीच्या रानातली गोल्फ रेंज

हरळी खणून काढण्यात खान्देशातील शेतकऱ्यांच्या पिढ्या खपल्या आणि आम्ही मात्र जळगावाबाहेरच्या वडिलोपार्जित ४ एकरांत ती मुद्दाम लावली, म्हणून भाऊबंदांनी आम्हाला वेड्यात काढले. गोल्फच्या मैदानांवर बर्म्युडा ग्रास म्हणून जे गवत मिरवते ते मुळात हरळीच्याच कुळातले आहे, हे सांगूनही कोणाला पटत नसे. ४ एकरांत अठरा होलचे पूर्ण मैदान होत नाही. परंतु फटक्यांच्या सरावाच्या रेंजपुरती २५० यार्ड लांबीची, जेमतेम ७० मीटर रुंदीची पट्टी निघते आणि बादलीभर चेंडू मारून फटका घडवायला तेवढी पुरते.

काळ्या जमिनीने पहिल्याच वर्षी आमचा अंत पाहिला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की भेगा चेंडू गिळत आणि पावसाळ्यात तेच चेंडू चिखलात रुतून बसत. शंभर आणि दीडशे यार्डांच्या पाट्यांभोवती मुरूम अंथरून वर पोयटा पसरला, तेव्हा कुठे ते वर राहू लागले. त्यानंतरची काही वर्षे सुरळीत गेली.

सातव्या वर्षी माझ्या भागीदारांनी गवत काढून प्लास्टिकचे टर्फ टाकण्याचा आणि अर्ध्या जागेत बॉक्स क्रिकेट सुरू करण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला, तो केवळ हट्टाने नव्हे. चेंडूच्या मागे जमिनीवर आदळलेला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, कृत्रिम गवताच्या मॅटवरून पुढे घसरतो आणि चुकलेला फटकाही बरा वाटतो; गवतावर मात्र ढेकूळ उडते, चेंडू पुढ्यातच पडतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. म्हणून नवशिक्यांना माझे सांगणे असते, की मॅटवर हात बसला तरी आठवड्यातून एकदा गवतावर उभे राहा, ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला, हात लावण्यापूर्वी महिनाभर वेज आणि सेव्हन आयर्न हे आखूड क्लब चालवा आणि पूर्ण सेट विकत घेण्याची घाई करू नका.

भागीदार वेगळे झाले आणि जाताना दिव्यांचे खांब व उजव्या बाजूची जाळी घेऊन गेले. बिले त्यांच्या नावावर होती, त्यामुळे कायद्याने ते त्यांचेच होते, हे मला मान्य आहे. परंतु ऐन दिवाळीच्या तोंडावर, शेजारच्या शेतात कापूस फुटलेला असताना त्यांनी ती जाळी उतरवली, हे मी आजही विसरलेलो नाही. त्याच रस्त्यावर त्यांनी बॉक्स क्रिकेट सुरू केले आणि आमची रेंज बंद पडणार असल्याचे आमच्याच सभासदांना सांगितले.

उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा ड्रायव्हर बहुधा स्लाइस होतो, म्हणजे चेंडू उजवीकडे वळतो, आणि आमच्या उजवीकडे कापूस होता. वेचणीच्या बायांना बोंडांमध्ये पांढरे चेंडू सापडू लागले. ४५.९३ ग्रॅमपर्यंत वजनाचा तो टणक चेंडू कोणाच्या डोक्यात बसला असता तर काय, आणि कापसाबरोबर जिनिंगमध्ये गेला असता तर काय, हे शेजारच्या आबांचे दोन्ही प्रश्न रास्त होते. आम्ही त्याच दिवशी ड्रायव्हर बंद केला, सगळ्या मॅट डावीकडे तिरक्या वळवल्या आणि कापसात ओळखू येतील असे पिवळे चेंडू मागवले. ड्रायव्हर बंद झाल्यामुळे निम्म्याहून अधिक सभासद गेले आणि चेंडू गोळा करणाऱ्या दोन्ही मुलांचा पगार थकला.

त्या दिवसांत भुसावळहून रेल्वेने येणारे, रेल्वेतूनच निवृत्त झालेले एक काका आमच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "भाऊ, पावती पुढच्या दिवाळीपर्यंतची फाडा." त्या पैशांतून पगार दिले. पुढे संध्याकाळी मुले कमी पडली की काका स्वतः बादली घेऊन मैदानात उतरत आणि चिरलेले चेंडू बाजूला काढून उरलेले काथ्याने घासून देत.

आता उजवीकडे नवी, उंच जाळी आहे आणि ड्रायव्हरही सुरू झाला आहे. मॅट मात्र आम्ही तिरक्याच ठेवल्या आहेत. पहिल्यांदा येणाऱ्यांनी सपाट तळाचे बूट घालून सकाळी उन्हाआधी यावे. सेव्हन आयर्न आमच्याकडचे मिळेल. डाव्या टोकाची गवताची जागा तेवढी काका येईपर्यंत मोकळी ठेवावी.