गळालेल्या अक्षरांचा सैतान

छापील मजकुरात चूक राहिली की ती मुद्राराक्षसाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकातला राक्षस हा वास्तविक नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य आणि मुद्रा ही त्याच्या नावाची अंगठी. छापखान्याशी त्या बिचाऱ्याचा काडीचाही संबंध नाही. मुद्रिते म्हणजे प्रुफे तपासताना मी त्याला रोज बोल लावतो, तेव्हा युरोपातल्या त्याच्या एका भाऊबंदाची हटकून आठवण होते. त्याचे नाव तितिविल्लुस.

मध्ययुगीन ख्रिस्ती लोककथांतला हा सैतान प्रार्थनेच्या वेळी पाठीवर पोते घेऊन हजर असे. स्तोत्रे उरकण्याच्या घाईत धर्मगुरू जी अक्षरे गिळत, जे चरण तोंडातल्या तोंडात पुटपुटत, ते सारे तो वेचून पोत्यात भरी, कारण ही देवाच्या घरची चोरी होती आणि तिचा हिशेब पुढे व्हायचा होता. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात जाक द विट्री या फ्रेंच धर्मोपदेशकाने ही कथा सांगितली तेव्हा सैतान निनावीच होता. नाव दिसते ते १२८५ च्या सुमारास, वेल्सच्या जॉन या फ्रान्सिस्कन पंडिताच्या लॅटिन ग्रंथात. तिथे तो दिवसातून हजार वेळा ओझे भरतो.

हे नाव आले कुठून? अभ्यासकांचा एक तर्क मला फार आवडतो. प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या ‘कासिना’ या प्रहसनात ‘तितिविल्लितिउम’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ कवडीमोलाची वस्तू. फुल्गेन्तिउस या पुढच्या काळातल्या लेखकाने त्याचा अर्थ मागावरच्या कापडातून गळणारे कुजके धागे असा दिला आहे. गळालेले धागे आणि गळालेली अक्षरे! तर्क चुकीचा ठरला तरी तो सोडवत नाही.

पुढे या सैतानाचा रुबाब वाढला. पंधराव्या शतकातल्या ‘मॅनकाइंड’ या इंग्रजी नाटकात तो रंगमंचावर येण्याआधी नट खेळ थांबवून प्रेक्षकांकडून पैसे गोळा करतात. लेखनिकांच्या चुकाही पुढे त्याच्याच नावावर जमा झाल्या, आणि हस्तलिखितांत त्याचे नाव कुठे तितिविल्लुस, तर कुठे तुतिविल्लुस असे झाले.

या लेखाच्या पहिल्या मुद्रितात त्याच्या नावातला एक ‘ल’ दोनदा गळाला होता.