तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर आलं नाही तर काय करायचं?

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मोटर स्टार्टर आणि पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते आणि प्लेसमेंटच्या मोसमात कॉलेजांमध्ये टेक्निकल इंटरव्ह्यू घ्यायला जाते. हे एकदा नातेवाइकांत कळलं की सुटका नसते. भाचरं, त्यांचे रूममेट, शेजारच्या काकूंचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेला मुलगा, सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, उत्तर आलं नाही तर काय करायचं?" लग्नाच्या पंगतीतही मला हे विचारून झालेलं आहे, हातात जिलबी असताना. तिथे देता आलं नाही ते उत्तर इथे देते.

उत्तर न येण्याची जेवढी धास्ती तुम्ही घेता तेवढी आम्ही घेत नाही. पहिला प्रश्न तर आम्ही मुद्दाम येणाराच विचारतो. तुमचं पाठ केलेलं उत्तर संपतं, तिथे आमचा इंटरव्ह्यू सुरू होतो. तुम्ही नेमके तिथवरचीच तयारी करून आलेले असता.

आता उदाहरण. ट्रान्सफॉर्मरचं रेटिंग केव्हीएमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर) का देतात, किलोवॅटमध्ये का नाही? इलेक्ट्रिकलचा ज्याला हा प्रश्न माहीत नाही असा विद्यार्थी मला अजून भेटायचाय. कॉपर लॉस (तारांत उष्णतेने वाया जाणारी वीज) करंटवर अवलंबून, आयर्न लॉस (लोखंडी गाभ्यात वाया जाणारी) व्होल्टेजवर. पॉवर फॅक्टरशी (व्होल्ट-अँपिअरपैकी खरं काम करणाऱ्या वॅटचा हिस्सा) दोघांचाही संबंध नाही. म्हणून रेटिंग व्होल्ट-अँपिअरमध्ये. पाढे म्हणावेत तसं एका दमात येतं. बरोबरही असतं. मग मी विचारते, "गावाकडच्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, १०० केव्हीए लिहिलंय. त्यावर ५ एचपीचे किती पंप चालतील?"

कागदावर भराभर आकडे पडतात. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, शंभर भागिले ३.७३, उत्तर २६ पंप. ट्रान्सफॉर्मर किलोवॅटमध्ये का मोजत नाहीत हे ज्याने अर्ध्या मिनिटापूर्वी मला समजावून सांगितलं, त्यानेच आता केव्हीएला सरळ किलोवॅटने भागलेलं असतं. आणि त्याला त्यात काही खटकलेलंही नसतं, कारण पहिलं उत्तर त्याच्यासाठी एक वाक्य होतं आणि दुसरं एक गणित. दोन्ही एकाच डीपीबद्दल आहेत हे मनात आलेलंच नसतं.

मी "चूक" म्हणत नाही. एवढंच विचारते, "हे ३.७३ किलोवॅट कुठे मिळतात? शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, की केबलमध्ये?"

इथे माणसं वेगळी होतात. काही जण गप्प बसतात. काही जण लगेच दुसरं सूत्र फेकतात, मग तिसरं, आमच्या चेहऱ्याकडे बघत. आणि काही जण म्हणतात, "शाफ्टवर... म्हणजे आत जास्त जात असणार... एफिशियन्सी दिलेली नाही, ऐंशी टक्के धरू का?" धरा की! धरायचीच असते. मग ३.७३ भागिले ०.८, म्हणजे ४.६६ किलोवॅट आत जातात. पॉवर फॅक्टर तुम्हीच ०.८ धरा, की एका पंपाचे झाले सुमारे ५.८ केव्हीए. शंभरात बसले सतरा. तुम्ही सोळा म्हणालात तरी माझी हरकत नाही. आपण काय धरलं ते सांगितलंत, यावर मी टिक करते. आणि कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९५ केला तर तेच ४.६६ किलोवॅट ४.९ केव्हीएत भागतात, म्हणजे त्याच डीपीवर वीस पंप बसतात, हे कुणी न विचारता सांगितलं तर मी शेजारच्या सहकाऱ्याकडे बघते आणि तो माझ्याकडे.

या प्रश्नावरचा एक मुलगा माझ्या कायम लक्षात राहिलाय. सोलापूरकडचा, शर्टाच्या घड्या तशाच, नवा कोरा. पाढा म्हणून झाला, सव्वीस पंप झाले आणि शाफ्टच्या प्रश्नाला तो थांबला. अगदी थांबला. माझा सहकारी बायोडेटाचं पान उलटायला लागला होता. मी विचारलं, "घरी शेती आहे? पंप आहे का तुमचा?"

"आहे ना मॅडम. पण आमच्या डीपीवर सव्वीस कुठले, दहा-बाराच्या वर टिकतच नाहीत. लाइट आली की सगळ्यांचे ऑटो एकदम उचलतात आन् डीओ जातो."

(ऑटो म्हणजे लाइट आली की पंप आपोआप चालू करणारा स्विच, डीओ म्हणजे डीपीवरचा ड्रॉप-आउट फ्यूज. आणि हो, २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं, म्हणजे एमएसईबीचं, विभाजन होऊन महावितरण झाली तरी तो बोलण्याच्या भरात एमएसईबीच म्हणत होता. सगळेच म्हणतात.)

मग मी म्हटलं, दहा-बाराच का, ते आपण काढू. सहकाऱ्याने पान खाली ठेवलं. इंडक्शन मोटर थेट सप्लायवर चालू केली तर सुरुवातीला साधारण सहापट करंट घेते, हे त्याला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. त्याने स्वतःच मांडलं: बारा पंप, प्रत्येकी ५.८, त्याच्या सहापट. चारशेच्या वर केव्हीए, शंभरच्या डीपीवर, सगळे एकाच क्षणी. आकडा लिहून तो स्वतःच त्याकडे बघत बसला. पुढे मी विचारलं, अशा वेळी व्होल्टेजचं काय होतं? "पडतं." मग मोटरचं? टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की टॉर्क जेमतेम निम्मा राहतो, हे त्याला आठवलं नाही. पण तो म्हणाला, "मोटर नुसती घुमते, उचलत नाही. तशीच राहिली की जळते. आमची दोनदा भरलीये." घुमणारी मोटर करंट कितीतरी पट जास्त घेत राहते म्हणून वाइंडिंग जळतं, इथवर त्याला मी एका प्रश्नाने नेलं. शेवटी विचारलं, उपाय काय? म्हणाला, प्रत्येकाच्या ऑटोला वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावायचा. कुणाचा दहा सेकंदांनी उचलेल, कुणाचा वीस.

वर्गाचं सूत्र त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही. घेतलं आम्ही त्याला.

लगेच असा अर्थ काढू नका की गावचा, शेतीचा विषय काढला की इंटरव्ह्यू घेणारं पॅनेल विरघळतं. पुण्यातल्या सोसायटीत वाढलेल्या मुलीने हेच सगळं खालच्या डीजी सेटवरून (डिझेल जनरेटर) करून दाखवलं असतं. त्यावरही केव्हीएच लिहिलेलं असतं, आणि दोन लिफ्ट एकदम सुरू झाल्या की जिन्यातले दिवे मिणमिणतात हे तिनेही पाहिलेलं असतं. सूत्र विसरल्यावर तो मुलगा बोलत राहिला, आणि जे बोलत होता ते कागदावरच्या आकड्यांशी जुळवून बघत राहिला. बस.

हे इतरांना का जमत नाही, यावर माझं एक मत आहे. आपल्याकडच्या ओरलने, म्हणजे तोंडी परीक्षेने, मुलांची जीभ बांधली आहे. प्रत्येक सेमिस्टरला जर्नल घेऊन चार-पाच जणांनी एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, रांगेत बसायचं. प्रश्न आला, येत नसेल तर मान खाली. एक्स्टर्नल म्हणतात, "नेक्स्ट", आणि प्रश्न शेजारच्याकडे सरकतो. गप्प बसणाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही. उलट काहीतरी अर्धवट बोललं की त्यावरच पुढचा प्रश्न येतो, म्हणून सीनिअर सांगतात, "जास्त बोलू नको, फसशील." चार वर्षं हे शिकून मुलं आमच्यासमोर येतात, आणि आम्ही वाट बघतो ती नेमकी त्या फसण्याचीच. इथे प्रश्न सरकवायला शेजारी कुणी नसतं.

म्हणून अडलात की मनातल्या मनात शोधू नका, तोंडाने शोधा. "सूत्र आठवत नाही, पण लोड शून्य केला तर हे शून्य व्हायला हवं." "युनिट जुळत नाहीये, काहीतरी राहतंय." ट्रान्सफॉर्मरला डीसी दिला तर? ठोकळेबाज उत्तर आठवत नसेल तर फ्रिक्वेन्सी शून्य करून बघा: फ्लक्स बदलत नाही, बॅक ईएमएफ (करंटला विरोध करणारा उलटा व्होल्टेज) नाही, करंट अडवायला उरला फक्त वाइंडिंगचा इवलासा रेझिस्टन्स. पुढे काय होणार ते तुम्हीच सांगाल. आणि जे कधी वाचलेलंच नाही ते सरळ सांगून टाका. "एचव्हीडीसी (हाय व्होल्टेज डीसी) आमच्याकडे इलेक्टिव्ह होतं, मी घेतलं नव्हतं," यावर कुणी मार्क कापत नाही. तिथे थापा मारू नका. समोरच्या टेबलावर एखादा असतो ज्याचे केस सबस्टेशनमध्येच पांढरे झालेले असतात.

आता प्रोजेक्ट. इथे सर्वांत जास्त विकेट पडतात. बायोडेटात लिहिलेलं असतं: अर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि एलएम ३५ (तापमानाचा सेन्सर) वापरून तापमान नियंत्रण. एलसीडीवरचा फोटोही असतो: २७.३६ अंश. मी फक्त त्या दशांशांकडे बोट दाखवते. एलएम ३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक भाग ४.९ मिलिव्होल्टच्या जवळपास. म्हणजे तुमच्या यंत्राला दिसणारा लहानात लहान बदल सुमारे अर्धा अंश. मग हे .३६ आले कुठून? ज्याने सर्किट स्वतः जोडलंय तो हसतो, म्हणतो, "ते फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशात, प्रिंट केलं म्हणून आलं मॅडम, त्यात अर्थ नाही." कुणी म्हणतो, रेफरन्स ५ ऐवजी आतला १.१ व्होल्टचा घेतला तर एक भाग अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढा होईल. प्रोजेक्ट विकत घेतलेला पहिल्या मिनिटात कळतो. विकत घेतला म्हणून आम्ही उठून जात नाही, पण घेतल्यावर तो एकदा तरी उघडून बघायला काय हरकत होती?

सॉफ्टवेअरवाल्यांचंही फार वेगळं नाही. तिथे इंटरव्ह्यू घेणारी माझी मैत्रीण सांगते, सी भाषेतला इंट (पूर्णांक) किती बाइटचा विचारलं की अजूनही "दोन" येतं, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर आणि तो सोळा बिटचा. "तुझ्या लॅपटॉपवर किती?" या पुढच्या प्रश्नाला शांतता. साइझऑफ छापून बघितलं असतं तर चार दिसले असते.

तयारीचं पुस्तक सांगा म्हणता. गेटची परीक्षा देणार असाल तर वेगळी गोष्ट. नाहीतर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांचा आणखी एक गठ्ठा आणू नका, "टॉप शंभर प्रश्न"वाली पीडीएफ तर नकोच. मशीन लॅबमध्ये जा आणि एका इंडक्शन मोटरची नेमप्लेट वहीत उतरवा. ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. मग होस्टेलच्या मित्राला समोर बसवून प्रत्येक आकड्याला "का?" विचारायला सांगा. १४४० का, १५०० का नाही? पोल किती? स्लिप किती? (१५०० पेक्षा १४४० किती मागे: चार टक्के.) करंट प्लेटवर खोडलेला असेल तर तुम्हाला काढता येईल का? साडेसात-आठ अँपिअरच्या आसपास यायला हवा. पंचवीस आला तर तुमचं तुम्हालाच खटकायला हवं. मित्र मेकॅनिकलचा असला तर आणखी चांगलं, त्याला खरंच माहीत नसतं.

इंग्रजीबद्दलही विचारता. आमच्यासारख्या कारखान्यांच्या पॅनेलवर "थोडं मराठीत सांगू का?" विचारलेलं सहसा चालतं, स्लिप आणि टॉर्क मराठीतही स्लिप आणि टॉर्कच. आधी विचारा, मग सुरू करा, आणि आकृती काढा. परदेशी ग्राहकांशी बोलायची नोकरी असेल तर मात्र ही सवलत मिळणार नाही. आणि एक विनंती आहे: प्रश्न मी विचारला असेल तर उत्तर माझ्याकडे बघून द्या, शेजारच्या पुरुषाकडे बघून नाही. हे मुलीही करतात.

काही पॅनेल वाईट असतात, हेही खरंय. दरडावतात, फोनवर बोलत राहतात, विषय सोडून कोडी घालतात. त्याला तुमच्याकडे इलाज नाही. तिथे नाही झालं तर स्वतःत फार खोदत बसू नका.

शेवटी आम्ही विचारतो, "तुम्हाला काही विचारायचंय?" बहुतेक जण पॅकेज, शिफ्ट आणि बाँडबद्दल विचारतात, विचारावंच, पण ते एचआरला. एका मुलीने मला विचारलं होतं, "टेस्टिंगला फेल झालेला स्टार्टर तुमच्याकडे पुढे कुठे जातो?" तो कोण उघडतो, जळालेले कॉन्टॅक्ट कसे बघतात, डिझाइनपर्यंत ते परत कसं येतं, हे मी तिला सांगत सुटले. बाहेर पुढचा मुलगा ताटकळला आणि टीपीओ सरांनी, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांनी, दोनदा दार वाजवलं.