जुन्या फोटोतली फटफटी ओळखायची तर टाकी शेवटी बघा

अल्बममधल्या फटफटीचं नाव घरात कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं. कुणी म्हणतं बीएसए, कुणी बुलेट. ते नाव तात्पुरतं बाजूला ठेवा आणि टाकीवरच्या बिल्ल्यावरही विसंबू नका. टाकी, सीट, सायलेन्सर, हँडल, बिल्ला या गोष्टी मिळेल त्या गाडीच्या काढून बसवल्या जायच्या. क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) आणि चेसीस (गाडीचा सांगाडा) मात्र सहसा मूळचं राहतं. ओळख पटवायची ती तिथूनच.

फोटो ६ × ९ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा, फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा. अल्बमच्या काळ्या कागदाला चिकटलेला फोटो ओढू नका, जागेवरच स्कॅन करा. गडद भागावर चंदेरी झाक आली असेल तर मात्र कॅमेऱ्याने घ्या आणि उजेडाची दिशा बदलत तीनचार फोटो काढा. एकात दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं. फोटो आपोआप ‘स्पष्ट’ करून देणारी ॲप्स या कामात घातक आहेत. नसलेल्या फिन्स (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) आणि नळ्या ती भरून टाकतात.

पुढची तपासणी फार जण विसरतात. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली असेल तर डावं-उजवं बदलतं. पुरुषाच्या शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर आहे ना, ते बघा. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या बहुतेक ब्रिटिश एक-सिलिंडर गाड्यांचा एक्झॉस्ट उजवीकडून जातो. तो डावीकडे दिसला तर आधी प्रिंटवर शंका घ्या.

मग पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. हेडलाइटच्या मागे एक जाड स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना नळ्यांची चौकट दिसली तर तो गर्डर फोर्क. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम२० आणि नॉर्टन १६एच या ब्रिटिश लष्करी गाड्यांना तोच होता. मॅचलेस जी३एलला मात्र १९४१ पासूनच टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) फोर्क आला, म्हणून ‘टेलिस्कोपिक म्हणजे युद्धानंतरची’ हा हिशेब चुकतो. मागच्या चाकाला स्प्रिंगच नसेल तर रिजिड चेसीस. चाकाच्या आसाशी दोन्ही बाजूंना छोट्या उभ्या नळकांड्या असतील तर प्लंजर. सीटखालून तिरके शॉक ॲब्सॉर्बर असतील तर स्विंग आर्म.

इंजिनावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एम२० आणि १६एच साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) बसकं, वर रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचा) डबा नाही. बीएसए बी३१ मध्ये सिलिंडरच्या उजव्या अंगाला पुशरॉडची (खालून वर रॉकर ढकलणाऱ्या सळईची) उभी नळी दिसते. बुलेटमध्ये ती दिसत नाही, कारण पुशरॉडची वाट सिलिंडरच्या ओतकामातच आहे. हेडवर दोन व्हॉल्व्हना दोन वेगळी झाकणं असतात. बुलेटचं ऑइलही क्रँककेसमध्येच असतं, वेगळी ऑइल टाकी नाही. फसगत होते ती सीटखालच्या डब्यामुळे. तो डबा एअर फिल्टरचा किंवा हत्यारांचा असतो, पण लोक त्याला ऑइल टाकी समजतात. खऱ्या टाकीला भरायचं झाकण असतं आणि खालून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या असतात.

हेडलाइट आणि स्पीडोमीटर एकाच खोळीत, वर दोन बारके दिवे, असं असेल तर ती खोळ बुलेटवर १९५४ मॉडेलपासून आली. मद्रासमध्ये बुलेट बनवणारी एन्फील्ड इंडिया कंपनी १९५५ ची, आणि तीच ठेवण पुढे कित्येक दशकं चालली. म्हणजे या खुणेवरून ‘१९५४ च्या आधीची नाही’ इतकंच म्हणता येतं, नेमकं साल नाही.

जावा २५० ओळखणं सोपं: एक सिलिंडर पण सायलेन्सर दोन, बंदिस्त चेन, १६ इंची चाकं. गिअर आणि किक दोन्हींचा दांडा एकच, तोही डावीकडे. मैसूरला आयडियल जावाचं उत्पादन १९६१ च्या सुमारास सुरू झालं.

इंजिन माणसांच्या पायांआड गेलं असेल तर मोजमाप करा. १९ इंची रिमवर ३.२५ चा टायर असेल तर बाहेरचा व्यास सुमारे २५.५ इंच, म्हणजे ६५ सेंटीमीटर. १६ इंचीवर तोच टायर सुमारे ५७ सेंटीमीटर. बुलेटच्या दोन आसांमधलं अंतर सुमारे १३७ सेंटीमीटर, म्हणजे चाकाच्या २.१ पट. गाडी तिरकी उभी असेल तर मागच्या चाकाची रुंदी भागिले उंची काढा. समजा ०.९ आलं. फोटोत मोजलेल्या आसांमधल्या अंतराला ०.९ ने भागा, मगच मागच्या चाकाच्या उंचीशी तुलना करा. पुढचं चाक यासाठी वापरू नका, हँडल वळलेलं असतं. कॅमेरा अगदी जवळ असेल तर हा आकडा ढोबळच धरायचा.

रंगावरून काही ठरवू नका. ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल उजेड न टिपणाऱ्या जुन्या कृष्णधवल फिल्मवर लाल रंग जवळपास काळा उमटतो, त्यामुळे मरून जावा काळी दिसू शकते.

नंबर प्लेट सगळ्यात शेवटी. ‘एमएच-१२’ अशी मांडणी १९८९ पासूनची, त्याआधी सहसा तीन अक्षरं आणि पुढे आकडे. प्लेटवरून नोंदणी कळते, गाडी कधी बनली ते नाही. लष्कराने विकलेली एम२० युद्धात बनलेली असली तरी तिची नागरी नोंद नंतरची असते. घरात आरसी बुक सापडलं तर त्यातला इंजिन नंबर आणि चेसीस नंबर दोन्ही उतरवून घ्या. एक नंबर एका सालाचा आणि दुसरा दुसऱ्या सालाचा निघाला, तर इंजिन बदललेलं आहे असं धरा आणि गाडीचं साल चेसीसवरून लावा.