खाईन तर अख्खं केळं

तीन वर्षांच्या मुलाच्या हातात केळं मोडलं की संपलं. मग ते केळं उरतच नाही. दोन्ही तुकडे जुळवून दाखवा, ‘अगं, चावल्यावर तुकडेच होणार ना?’ असा बिनतोड युक्तिवाद करा, समोरून एकच उत्तर: ‘नको.’ मोठ्यांमधल्या चोखंदळांसाठी आपल्याकडे ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ असं म्हणतात. या वयात तुपाची अट नसते. वस्तू काल होती तश्शीच हवी, एवढंच.

आमच्या लेकीचं मटारवरून बिनसलं. त्याआधी मुठीमुठीने खायची. एका दुपारी तिने एक दाणा चिमटीत धरला, उजेडात फिरवून पाहिला, सालीवरची सुरकुती नखाने उचकटली आणि दाणा ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे रांगेत लागल्यावर, जन्मात कधी मटार खाल्लेच नव्हते अशा थाटात, ‘मी हे नाही खात’ असं जाहीर झालं. सासूबाई कळवळल्या, ‘अगं, पोटात काहीच गेलं नाही गं पोरीच्या!’ पुढचं घराघरांत होतं तेच. चमच्याचं विमान, खोलीभर पळापळी, मिनतवाऱ्या, ‘एवढा शेवटचा घास’ असं म्हणून भरवलेले कितीतरी शेवटचे घास.

या सगळ्यात एक जुना हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं; तीन किलोंचं बाळ नऊ किलोंच्या आसपास पोचतं. हाच वेग राहिला असता तर तिसऱ्या वाढदिवसाला केक कापायला 81 किलोंचं बाळ बसलं असतं! तसं होत नाही, कारण पुढे वर्षाला साधारण दोन-अडीच किलोच वाढतात. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते. पोराला हे आतून कळतं, आपण मात्र गेल्या वर्षीच्याच मापाने वाढत राहतो. त्यात दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती सगळ्यात जास्त असते. मुलांची जीभही कडू चवीला मोठ्यांपेक्षा हळवी असते, त्यामुळे पालेभाजीवर पहिली कुऱ्हाड पडते.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. 1928 मध्ये त्यांनी एका प्रयोगाबद्दल लिहिलं, तो वाचताना मला आमच्या जेवणाच्या टेबलाची लाज वाटली. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांसमोर वेगवेगळे पदार्थ मांडायचे आणि परिचारिकेने चमचा हातात घेऊन नुसतं बसायचं. सुचवायचं नाही, आग्रह नाही, शाबासकीही नाही. बाळाने बोट दाखवलं तरच भरवायचं. (परिचारिकांच्या संयमाचा अभ्यास कुणी केला का, कोण जाणे.) मुलांनी काय वाटेल ते खाल्लं. कुणाचा नाश्ता म्हणजे संत्र्याचा रस आणि लिव्हर, कुणाचं रात्रीचं जेवण म्हणजे अंडी, केळी आणि दूध. तरी मुलं छान वाढली. फक्त यात एक मेख होती, आणि ती डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितली: मांडलेल्या यादीत साखर नव्हती की कारखान्यातलं काही नव्हतं. त्यामुळे काहीही उचललं तरी ते बरंच असायचं.

म्हणजे मोठ्यांचं काम संपतं कुठे, तर ताट मांडण्यापाशी. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी याची सरळ वाटणीच करून दिली: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं आणि मुळात खायचं की नाही, हे पोराने. ऐकायला सोपं आहे. समोर भरलेलं ताट परत जाताना गप्प बसून बघा.

मला यातून सुटका मिळाली ती जेवणाऐवजी आठवडा मोजायला लागल्यावर. लहान मुलांचं एकेका जेवणातलं खाणं प्रचंड वरखाली होतं, पण दिवसभराची बेरीज बरीच स्थिर राहते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. सोमवारी नुसता भात, मंगळवारी तीन अंडी, बुधवारी हवा. गुरुवारपर्यंत काहीतरी जुळतं. वाढायचं थोडंच, वयाच्या दर वर्षामागे एका पदार्थाचा एक मोठा चमचा पुरे. नव्या पदार्थाशेजारी एक ओळखीचा ठेवायचा. नवी चव आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. दोनदा नाकारलं म्हणून ‘हिला आवडत नाही’ असा शिक्का मारायची घाई नको. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा तर अजिबात नको, कारण भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, हे पोर त्यातून चटकन शिकतं. आणि ‘निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणून दिवसभर पेले भरत राहिलं की भूकही मरते आणि लोहही कमी पडतं. वजन खरंच घसरत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा खाण्याची यादी आक्रसतच चालली असेल, तर मात्र डॉक्टर गाठायचा. तिथे हा धीर कामाचा नाही.

सध्या काकडीचा काळ आहे. स्वतःच्या ताटातली काकडी तिला चालत नाही, ‘ओली आहे’ म्हणते. माझ्या ताटातली तीच काकडी मात्र न विचारता उचलते आणि कचाकचा खाते. मग मी काय करते, तर माझ्याच ताटात ढीगभर वाढून घेते आणि ती हात घालते तेव्हा ‘अगं, माझी आहे ना ती!’ असं थोडं रागावूनही घेते.