कणकुंबीपलीकडचा शिमगा

बेळगावहून पिरनवाडी आणि किणये मागे टाकून चोर्ल्याकडे निघालेला रस्ता कुसमळीच्या पुलावर मलप्रभा ओलांडतो, आणि जांबोटी सोडली की शेते विरळ होत जाऊन दोन्ही बाजूंचे रान दाटू लागते. याच रस्त्यावरच्या कणकुंबीत आम्ही दोघी फाल्गुन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो. माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण शिमग्यासाठी माहेरी निघाली होती आणि गेली तीन वर्षे मागे लागून अखेर मी तिच्याबरोबर जाण्याची परवानगी मिळवली होती. परवानगी हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण या भागातल्या शिमग्याला कोणाच्या तरी घरचा पाहुणा होऊनच जावे लागते. तिच्या गावाचे नाव मी लिहीत नाही. सुटीच्या दिवशी गाड्या भरभरून लोक येऊ लागले तर काय होते, हे तिच्या घरच्यांनी चोर्ला घाटातल्या धबधब्यांवर पाहिले आहे, आणि नाव कोठे छापू नये एवढीच त्यांची अट होती.

कणकुंबीचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा कळसा नाल्याच्या आणि म्हादईच्या पाण्याच्या वादामुळे. प्रत्यक्षात थांबून पाहण्यासारखे आहे ते माउलीचे देऊळ आणि तिथले मलप्रभेचे उगमस्थान. इथे उगम पावलेले पाणी पूर्वेकडे जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्याच्या जंगलात उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. आम्हाला पुढे जाण्यासाठी वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी गाडी, मिळेपर्यंत दीड तास गेला, आणि तो देवळाच्या सावलीत बरा गेला.

गाव भीमगड अभयारण्याच्या कडेला आहे. सुमारे 190 चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य 2011 साली घोषित झाले आणि तेव्हापासून लाकूडफाटा, रस्ता, विजेचे खांब अशा प्रत्येक गोष्टीला वनखात्याचे नियम लागू झाले. होळीसाठीचे आंब्याचे झाडही आता एका घराच्या मालकीच्या जागेतून आणतात, आणि त्या घराला त्याचा मान मिळतो. आम्ही पोहोचलो तेव्हा होळी आदल्या रात्रीच पेटून गेली होती, राख अजून कोमट होती, आणि मुले तिच्याभोवती कारण नसताना बोंबलत होती. ते पाहण्याच्या नादात मी समोरच्या मोकळ्या जागेतून सरळ चालत गेले. ओसरीवर बसलेल्या मैत्रिणीच्या आजीने तिथूनच हाक मारली, ‘‘गे बाय, मांडावर व्हाणा घालून चलायचं नसतं.’’ मी चपला हातात घेऊन मागे फिरले. मैत्रिणीने मला आधी सांगायला हवे होते, असे मी तिला म्हटले. त्यावर ती म्हणाली, की हे सांगावे लागते हेच तिच्या लक्षात आले नव्हते.

मांड म्हणजे दिसायला काहीच नसते. शेणाने सारवलेली, साधारण दोन घरांच्या अंगणाएवढी जागा, एका कोपऱ्यात दगडावर वाहिलेले हळदकुंकू, एवढेच. वर्षभर तिथे कोंबड्या चरतात, मात्र धान्य वाळत घालत नाहीत आणि तिच्यावर कोणी कुंपण टाकत नाही. या जागेचा मालक कोण, असे मी विचारले, तेव्हा प्रश्नच चुकल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहू लागले. शिमग्याचे जे काही घडायचे ते इथेच घडते. अभयारण्यातल्या काही गावांच्या स्थलांतराची बोलणी चालू आहेत आणि हा विषय संध्याकाळी चहाच्या वेळीही निघाला. पैसे किती, जमीन कोठे, मुलांची शाळा किती लांब, असे सगळे बोलून झाल्यावर एक म्हातारे मानकरी म्हणाले, ‘‘घर दुसरीकडं बांधता येतंय. मांड कुठं बांधायचा?’’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मोजमाप विचारावे तसा तो प्रश्न होता, आणि त्याला कोणी उत्तर दिले नाही.

रात्री नऊच्या सुमारास नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी आणि होळीसाठी केलेल्या पुरणपोळ्यांतल्या उरलेल्या दोन असे जेवण झाले. रणमाले कधी सुरू होईल, याचे उत्तर प्रत्येकाने वेगळे दिले. गोव्यातला सत्तरी तालुका, खानापूरचा हा पश्चिम भाग आणि महाराष्ट्राची सीमेवरची काही गावे यांत खेळले जाणारे हे लोकनाट्य रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर आधारलेले असते. रण म्हणजे युद्ध आणि मालें म्हणजे दिवटी, अशी नावाची फोड सांगतात. अर्थात आता मांडाच्या दोन टोकांना बांबूवर एलईडीचे दिवे टांगलेले असतात. तरीही एक दिवटी पेटवून दगडापाशी ठेवली गेली आणि ती पेटल्याशिवाय कोणी घुमटाला हात लावला नाही.

घुमट हे मातीच्या मडक्याच्या तोंडावर चामडे ताणून केलेले वाद्य आहे. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे चामडे वापरत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता शेळीचे वापरतात. आवाजात फरक पडतो का, असे मी वाजवणाऱ्या तरुणाला विचारले. त्याने जुने घुमट ऐकलेलेच नव्हते, आणि त्याच्या वडिलांनी फरक पडतो असे सांगितले खरे, पण तो शब्दांत सांगता न आल्यामुळे त्यांनी मांडीवर ठेका धरून दाखवला.

आधी गाऱ्हाणे झाले. मानकऱ्यांनी गावातल्या देवतांची, सीमेवरच्या रानातल्या देवांची आणि कामासाठी परगावी गेलेल्या लेकरांची नावे घेत राखण मागितली, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या पुरुषांनी एका सुरात होकार दिला. नंतर मांडाच्या मागच्या कडेला गाणारे एका रांगेत उभे राहिले. रणमाल्याचा कणा हीच रांग आहे. पात्र आत येण्याआधी ते जत म्हणतात, म्हणजे त्या प्रसंगाचे गाणे गातात. घुमट आणि कांसाळे, म्हणजे झांजा, यांच्या ठेक्यावर पात्र पावले टाकत पुढे येते, आणि गाणे थांबले की आपले बोलणे बोलते. जत ठरलेले असतात, वाडवडिलांकडून तोंडी आलेले. त्यांतला शब्द कोणी बदलत नाही. गद्य बोलणे मात्र ज्याचे त्याला सुचेल तसे असते. त्यामुळे रावणाने सीतेला लंकेचे वैभव सांगताना मडगावच्या बाजाराचे वर्णन केले, आणि बायकांच्या घोळक्यात हसण्याची लाट उसळली. नाट्यगृहात बसून नाटक पाहण्याची सवय असलेल्या मला पहिला तासभर हे सगळे फार संथ वाटले. एकच जत तीन-चार वेळा फिरवून म्हणत, कोणी मधूनच उठून चहा आणत, एक पात्र तयार नसले की गाणारे तोच चरण ताणत राहत. दोनच्या सुमारास कधीतरी मी वेळ पाहणे सोडून दिले, आणि त्यानंतरच मला त्या रांगेतले आवाज वेगवेगळे ऐकू येऊ लागले.

सीता झाला होता मैत्रिणीचा धाकटा भाऊ. रणमाल्यात बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. त्याच्या अंगावर होता वहिनींचा लग्नातला शालू. त्या माझ्या शेजारी बसून नाटक अर्धेच पाहत होत्या. उरलेले अर्धे लक्ष दिवटीच्या ठिणग्यांवर होते. ‘‘बघा हं, हरण झालं तरी चालंल, पदर जळायला नको,’’ असे त्या मला दोनदा म्हणाल्या. सीता उत्तम वठली. गोव्यातल्या कारखान्यात काम करणाऱ्या, मिशी त्याच दिवशी काढलेल्या त्या मुलाने रडण्याच्या प्रसंगी आवाज अजिबात चढवला नाही, आणि बायका गप्प झाल्या.

रावण मारला गेला तेव्हा पूर्वेकडे फिकट झाले होते. भाऊ साडेसहाच्या वडापने आमच्याच बरोबर निघाला, कारण त्याला दुपारच्या पाळीला पोहोचायचे होते आणि त्या एका रात्रीचीच रजा मिळाली होती. शालू घडी घालून परत गेला होता. कानामागे आणि मानेवर लाली तशीच होती. मी काढलेले फोटो त्याने एकेक करून पाहिले, दोन पुसायला लावले, आणि बाकीचे फोनवर पाठवू नका म्हणाला. घरी रेंज येत नाही, आणि आजीला दाखवायचे तर कागदावर काढून पुढच्या शिमग्याला घेऊन या, असे सांगून तो कणकुंबीच्या फाट्यावर गोव्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.